ऊन दाखवलेली मिरची

सर, परवा लातूरला तुमच्या शोकसभेला मी आले होते. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, चपलांच्या ढिगाला लागून बसले. फ्लेक्सवर तुमचा कोट घातलेला फोटो होता. तो कोट तुम्हाला खांद्यात सैल होता, पण तिथं जमलेल्यांपैकी कुणाला ते दिसलं नसेल, कारण त्यांनी तुम्हाला कायम त्या कोटातच पाहिलेलं. एकामागून एक डॉक्टर उठून बोलत होते. सरांमुळे फिजिक्सची भीती गेली, सरांमुळे मेडिकलला नंबर लागला. एका मुलीनं तर तुमची सूत्रं लक्षात ठेवायची युक्ती माइकवर म्हणून दाखवली. खोटं कुणीच बोललं नाही. पण नांदेडच्या त्या पत्र्याच्या खोलीबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही, आणि माझ्या डोक्यात राग चढत गेला. मी हात वर करणार होते. उठून सांगणार होते की बिराजदार सर हा पळपुटा माणूस होता.

तेवढ्यात काकूंनी, तुमच्या बायकोनं, मला ओळखलं. पंधरा वर्षांनी पाहूनही ओळखलं. सभा संपायच्या आत त्या मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही काढून माझ्या हातात दिली.

"तुझं नाव हाय ह्याच्यात," काकू म्हणाल्या. "देऊ नको म्हणले न्हाईत, दे बी म्हणले न्हाईत. मी ठिवून काय करू?"

ती वही मी परतीच्या एसटीत वाचली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, लोक चहाला उतरले, शेजारच्या बाईनं मला भजी दिली आणि मी ती हातात तशीच धरून बसले. त्या वहीमुळे मी आज हे लिहायला बसले आहे. शोकसभेत मी तुम्हाला जे म्हणणार होते ते आता म्हणता येत नाही, याचाही मला राग आहे.

तुमच्यासारखा हट्टी माणूस मी पाहिला नाही. मुंबईच्या एका संस्थेनं मोडीत काढलेलं यंत्र तुम्ही टेम्पोत घालून नांदेडला आणलंत आणि सगळा रस्ता मागं बसून त्याला धरून आलात. प्राचार्य म्हणाले, हे कशाला? अभ्यासक्रमात नाही, परीक्षेत येत नाही. तुम्ही कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत ते बसवलंत, खिडक्यांना काळं कापड ठोकलंत, लाल दिवा लावलात. एम.एस्सी. होऊन मी तुमच्याच विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले होते. त्या यंत्राला आपण चूल म्हणायचो. मिरचीवाल्या इस्माईलभाईंची पोरगी कॉलेजात जाऊनही चूलच फुंकते, असं अब्बा स्वतःच मला चिडवायचे.

मसाल्याला जंतू राहू नयेत, बुरशी धरू नये म्हणून त्याला गॅमा किरण देतात. तो खाऊन कुणाला काही होत नाही. कायद्यानं चालतं. फक्त पाकिटावर तसं लिहावं लागतं. पण कुणी न लिहिता दिले, तर ओळखायचं कसं? मिरची तर तशीच दिसते, तशीच झोंबते. पहिल्याच दिवशी तुम्ही मला म्हणालात, "मिरचीला इचारू नको नसीम. तिला लागलेल्या मातीला इचार."

मिरची जमिनीवर वाळते, तिला बारीक माती चिकटते. त्या मातीतले वाळूचे दाणे किरणांचा जोर आत धरून ठेवतात, वर्षानुवर्षं. आपण मिरची धुवायचो, गाळ खाली बसू द्यायचो, जड द्रावात मिरचीचा चुरा वर तरंगायचा आणि दाणे तळाला जायचे. मग चिमूटभर दाणे नाण्याएवढ्या चकतीवर ठेवून तापवायचे. किरण दिलेले असतील तर दाणे तापता तापता उजेड देतात, डोळ्याला न दिसणारा, पण यंत्राला दिसणारा. कागदावर रेघ टेकडीसारखी चढायची. नसतील तर रेघ सपाट. नंतर त्याच दाण्यांना आपण स्वतः मोजून किरण द्यायचो आणि पुन्हा तापवायचो, दाण्यांत उजेड द्यायची ताकद आहे ना हे बघायला. हे दुसऱ्यांदा तापवणं तुम्ही कधीही टाळलं नाहीत, दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशीसुद्धा नाही.

आणि उजेडाबद्दल तुमचा नियम. दाणे वेगळे झाले की लाल दिव्याबाहेर न्यायचे नाहीत. ऊन लागलं की धरून ठेवलेलं उतरतं. तो नियम मला पाठ होता. आज हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला, का ते पुढं येईल.

"किरण देणं गुन्हा न्हाई," तुम्ही म्हणायचात. "देऊन न लिहिणं हा गुन्हा." हे तुमचं वाक्य लक्षात ठेवा सर, मी ते तुम्हालाच परत देणार आहे.

भूकंपाचं तुम्ही मला त्याच खोलीत सांगितलंत, मिरचीचा गाळ धुताना. तुमचं गाव किल्लारीच्या अलीकडचं. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही घरी गेलात तेव्हा आई घराचं मातीचं धाबं गळतंय म्हणून मागं लागली होती. तुम्ही धाब्यावर पांढरी माती टाकलीत. नोकरीला लागलेला मुलगा, चार दिवस घरी आलेला, हौसेनं चार टोपली जास्तच टाकली. पाऊस झाला, घर गळलं नाही, आईनं पत्रात तसं लिहून पाठवलं. मग भूकंप झाला आणि आई त्याच धाब्याखाली गेली. तुम्ही नांदेडहून मिळेल त्या गाडीनं दुपारी पोचलात. तुमचे थोरले भाऊ, अण्णा, हातानं माती उपसत होते. त्यांनी मान वर करून तुमच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "लई माती टाकलास रे तू."

एवढंच. पुन्हा ते त्यावर कधी बोलले नाहीत, तुम्हीही काही बोलला नाहीत. अख्खं गाव पडलं होतं, माती न टाकलेली घरंही पडली होती, हे मी तुम्हाला म्हणाले. तुम्ही म्हणालात, "हाव, खरं हाय." आणि गाळाचं पाणी ओतून दिलंत.

अब्बांचं प्रकरण तुम्ही मला हे सांगितलंत त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातलं. धर्माबाद, बिलोलीकडची मिरची अब्बांकडून एका एजंटानं उचलली आणि परदेशी पाठवली. माल परत आला. एजंटानं बाजारभर सांगितलं की इस्माईलभाईंनी बुरशीची मिरची गळ्यात मारली. अब्बांना त्याच्याच हमालाकडून वेगळं कळलं होतं. वाटेत एजंटानंच मालाला किरण दिले होते, पोत्यावर लिहिलं नव्हतं, तिकडं तपासात सापडलं आणि म्हणून माल परत आला. आता खरं कुणाचं? बाजारातल्या तीन बुजुर्गांनी तोडगा काढला. गंगाधरशेठ त्यात मोठे. परत आलेल्या पोत्यांतली मिरची दोघांसमोर एका पिशवीत बांधायची आणि बिराजदार सरांकडं पाठवायची. किरण दिसले तर एजंट खोटा. नाही दिसले तर इस्माईलभाईंची मिरचीच खराब.

अब्बा स्वतः कॉलेजात आले होते. मशीनसमोर उभे राहून, टोपी नीट करून म्हणाले, "सर, ही चूल जे बोलेल ते कबूल. खिलाफ गेलं तरी कबूल."

आणि तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत, "ह्या नमुन्याला तू हात लावायचा न्हाईस. बापाचा माल हाय. लोक म्हणतील पोरीनं काम केलं. धुण्यापासून सगळं मी करतो."

तुम्ही केलंत. चार वेळा तापवलंत. रेघ सपाट. दुसऱ्यांदा किरण देऊन तापवलं तर तेच दाणे झकास उजेड देत होते, म्हणजे यंत्र ठीक, दाणे ठीक. मी दाराबाहेर उभी होते. तुम्ही बाहेर आलात, माझ्याकडं न बघता कागदावर सही केलीत. गंगाधरशेठच्या गादीवर तो कागद वाचून दाखवला गेला, आणि अब्बा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "कबूल." चप्पल घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला.

त्यानंतर धर्माबादहून अब्बांना कुणी माल दिला नाही, आणि त्यांचा माल कुणी उचलला नाही. तीन पिढ्यांची पेढी त्यांनी बंद केली आणि घराजवळ दहा बाय दहाच्या गाळ्यात किरकोळ मिरची, हळद, धने घेऊन बसले. अजूनही बसतात.

तीन महिन्यांत तुम्ही नोकरी सोडलीत. लातूरला गेलात. तेव्हा तिथं गल्लीगल्लीत क्लास निघत होते, मुखेड, किनवटहून पोरंपोरी वळकट्या घेऊन उतरत होती, आणि शिकवणाऱ्याला मागाल ते मिळत होतं. तुमच्या नावाचा बोर्ड लागला. बाजारात लोक म्हणाले, एजंटानं सरांची सोय केली. मी आधी भांडले त्यांच्याशी. नंतर भांडायचं सोडलं. नंतर मीच तसं म्हणायला लागले.

मी लातूरला आले होते, आठवतं ना? तुमचा तास चालू होता, मी मागच्या बाकावर जाऊन बसले. हॉलमध्ये पोरं खांद्याला खांदा लावून बसलेली, तुम्ही माइकवर, फळ्यावर सूत्रं. पत्र्याच्या खोलीत एका रेघेसाठी अख्खा दिवस देणारा माणूस मिनिटाला एक गणित सोडवत होता. तास संपल्यावर आपण खालच्या टपरीवर चहा घेतला.

"नमुना परत मागवा," मी म्हणाले.

"नमुना संपला. पोती बी इकली त्यांनी."

"मग मशीन चुकलं का?"

"मशीन चुकत न्हाई."

"मग तुम्ही चुकलात?"

तुम्ही चहा ढवळत राहिलात. साखर कधीच विरघळली होती. "तसं समज," म्हणालात.

"तसं समज म्हणजे काय सर? चुकलात की नाही?"

"माझा दुसरा तास हाय, नसीम."

मग मी ते बोलले. तुम्ही विकले गेलात, माझ्या बापाला विकून इथं बोर्ड लावलात. टपरीवरची पोरं वळून बघायला लागली. तुम्ही पैसे ठेवलेत, उठलात, आणि म्हणालात, "घरी चल. काकूनं ज्वारीच्या भाकरी केल्यात. जेवून जा."

मी जेवायला आले नाही. त्यानंतर पुन्हा कधी बोललेही नाही. दर ईदला तुमचा अब्बांना फोन यायचा आणि मी आत निघून जायचे. अब्बांसमोर मी तुम्हाला काय काय म्हणत आले ते तुम्हाला माहीत नाही. अब्बा ऐकून घ्यायचे. एखाद्या वेळी म्हणायचे, "माणूस चांगला हाय तो, बेटी," आणि उठून गाळ्यावर जायचे. मला वाटायचं, बापाची ही भलमनसाहतच त्याला नडली.

आता वहीतलं. तुमचं बारीक अक्षर, एका ओळीवर एक गोष्ट.

"टाकी बघायला कॉलेजच्या गच्चीवर गेलो. कोपऱ्यात चादर, चादरीत मिरचीचं बी. शिपाई म्हणाला, मॅडमनी दोन दिवस ऊन दाखवलं. निकाल रद्द धरावा."

सर, ती पिशवी आली तेव्हा तुम्ही गावी होता, अण्णांच्या मुलीची सोयरीक होती. बुजुर्गांचा माणूस पिशवी देऊन गेला, पोच मी दिली. पिशवीचा तळ ओला लागला हाताला. कुठंतरी सांडलेल्या पाण्यात टेकवली असणार. आमच्या घरात ओलसर मिरची दिसली आणि तशीच ठेवली असं कधी झालेलं नाही. अम्मी गेली त्या वर्षीसुद्धा मिरचीला ऊन दाखवायचं राहिलं नव्हतं. मी गच्चीवर चादर अंथरली, पिशवी सोडली, मिरची पसरली, दोन दिवस दुपारी जाऊन हात फिरवला, आणि वाळल्यावर पुन्हा तशीच बांधून टेबलावर ठेवली. तुम्ही परत आल्यावर पिशवी दिली, हात लावू नको असं तुम्ही म्हणालात ते तेव्हा, पण ऊन दाखवल्याचं मी सांगितलं नाही. लपवलं नाही सर. हे सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही. दाण्यांना अंधारात ठेवायचं हे मला पाठ होतं. पण पिशवीतली ती मिरची माझ्या लेखी अजून मिरचीच होती.

इतक्या वर्षांत मला हे आठवलं नाही, की मी आठवू दिलं नाही? एसटीत मी हेच स्वतःला विचारत होते. मला सांगता येत नाही. तुमच्यावरचा राग हाताशी होता, तेव्हा मागं वळून बघायची गरज पडली नाही, एवढं मात्र खरं.

पुढच्या पानावर: "शेठ लोकांना भेटलो. म्हणालो, माझ्या हातून चूक झाली, कागद परत द्या. काय चूक, विचारलं. सांगितलं नाही. हसले. म्हणाले, दोस्त इस्माईलला वाचवता काय."

आणि त्याच्या खाली: "इस्माईलभाईंना खरं ते सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. मग म्हणाले, पोरीला कळू देऊ नका, मरून जाईल ती. मी म्हणालो, तिला कळायला पाहिजे. त्यांनी कसम घातली. शब्द दिला. आता चुलीसमोर उभं राहवत नाही."

अब्बांना माहीत होतं.

ते वाचलं आणि मला आमची गच्ची आठवली. त्या वर्षापासून अब्बांनी मला मिरची वाळत घालू दिलेली नाही. दर उन्हाळ्यात मी टोपली उचलली की ते हातातून काढून घ्यायचे. "राहू दे, मी टाकतो. तू बस." मला वाटायचं, पेढी गेल्यावर त्यांना हातांना काम हवं असतं. गुडघे दुखत असताना जिना चढायचे. माझ्या हाताला ऊन आणि मिरची एकत्र लागू नये, मला काही आठवू नये, म्हणून तो म्हातारा माणूस पंधरा उन्हाळे जिना चढत राहिला.

तुम्ही दोघांनी बसून ठरवलंत. माझ्याबद्दल ठरवलंत आणि मला विचारलं नाहीत. एम.एस्सी. झालेली बाई, तुमच्याच हाताखाली शिकलेली, दुसऱ्यांदा तापवल्याशिवाय रेघेवर विश्वास ठेवू नये हे तुमच्याकडूनच शिकलेली, आणि तिला खरं झेपणार नाही असं तुम्ही धरून चाललात. अब्बांचं मी समजू शकते. बाप आहे, घाबरला. तुम्ही कशाला घाबरलात? तुम्ही शास्त्राचे माणूस. निकाल रद्द धरावा असं वहीत लिहिलंत, आणि का रद्द ते वहीच्या बाहेर जाऊ दिलं नाहीत. किरण देणं गुन्हा नाही सर, देऊन न लिहिणं हा गुन्हा. तुम्ही मला वाचवलंत आणि त्यावर लिहिलं नाहीत.

तुम्हाला वाटलं असेल, अण्णांनी तुमच्यावर टाकलं तसलं ओझं हिच्यावर नको. वहीत त्या पानाच्या कडेला तुम्ही लिहिलंय, "अण्णा बोलला नसता तर मी सुखी झालो असतो का? माहीत नाही." पण दोन्ही गोष्टी एक नव्हत्या. अण्णा जे म्हणाले ते दुःखात म्हणाले, आणि ते खरं नव्हतं. माती टाकली नसती तरी ते घर पडलं असतं. माझं मात्र खरं होतं. मला तेव्हाच सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी गंगाधरशेठच्या गादीवर जाऊन उभी राहिले असते. म्हणाले असते, नमुना मी बिघडवला, कागद फाडा. लोक म्हणाले असते पोरीनं मुद्दाम केलं. म्हणू दे. निदान मिरची खराब होती असं तरी कुणाला म्हणता आलं नसतं. अब्बांची पेढी राहिली असती की नाही माहीत नाही. तुमची चूल तरी राहिली असती. तुम्ही गेल्यावर कॉलेजनं ती अडगळीत टाकली, वर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले, आणि मी ते रोज बघत नोकरी केली.

मी तुम्हाला टपरीवर विकला गेलेला माणूस म्हणाले. तुम्ही ते ऐकून घेतलंत आणि जेवून जा म्हणालात. ह्याबद्दल तुमचे पाय धरावेत असं वाटतं, आणि पुढच्याच क्षणी तुमची गचांडी धरून विचारावंसं वाटतं की मला एवढं लहान का केलंत. इतकी वर्षं तुम्ही माझ्या शिव्या खाल्ल्यात. माझ्या वाटणीच्या होत्या त्या. आता माफी मागायला तुम्ही नाही. माफी मागायचीही सोय ठेवली नाहीत सर.

काल मी गंगाधरशेठकडं गेले. तिघांतले आता तेच उरलेत, कानाला यंत्र लावतात. जाण्याआधी वहीत तुमच्या ओळीखाली मी लिहिलं: "नमुना दोन दिवस उन्हात ठेवला होता. ठेवणारी मी, नसीम इस्माईल. सरांना सांगितलं नाही. त्या निकालाला अर्थ नाही." खाली सही केली. शेठच्या गादीवर, गिऱ्हाईक असताना, मोठ्यानं वाचून दाखवलं. तुमची पानंही वाचली.

शेठ म्हणाले, "बेटा, आता इतक्या वर्षानं कशाला उकरून राहिलीस? तो एजंट बी गेला. सरबी गेले."

"माझे अब्बा आहेत ना अजून," मी म्हणाले.

शेठनी कानाचं यंत्र नीट बसवलं. मग दिवाणजीला सांगून त्यांनी कपाटातून जुनी फाईल काढायला लावली. तुमचा कागद होता तिच्यात, पिवळा पडलेला. त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली आणि बाजूला "रद्द" लिहून सही केली. एजंट खोटा होता हे आता कधीच ठरणार नाही, ते मला माहीत आहे. ते दाणे धुवून, तापवून संपले. पण माझ्या बापाची मिरची खराब होती असंही आता कागद म्हणत नाही.

घरी येईपर्यंत अब्बांना कळलं होतं. बाजारातून बातमी माझ्या आधी पोचली. ते जेवले नाहीत. मी वही समोर ठेवली तर ती त्यांनी उघडलीही नाही. "मी कसम घातली होती त्याला," एवढंच म्हणाले. "त्यानं निभावली." मी म्हणाले, अब्बा, तुम्ही मला विचारायला हवं होतं. त्यांनी वही माझ्याकडं सरकवली. मग विचारलं, "लोक काय म्हणले?"

"शेठनी कागद रद्द केला."

"तुला काय म्हणले?"

"काही नाही."

त्यांनी मान हलवली. सर, हे सगळं काल घडलं. माझा राग गेलेला नाही, तुमच्यावरचाही नाही आणि त्यांच्यावरचाही नाही, आणि तो जाईपर्यंत मी तुम्हाला कुठल्याच शोकसभेत चांगलं म्हणणार नाही. पण आज सकाळी मी गाळ्यावर गेले तेव्हा अब्बांनी बिलोलीहून आलेलं मिरचीचं पोतं सोडलं होतं. माल थोडा ओलसर होता. त्यांनी दोन मिरच्या उचलून मोडून बघितल्या, टोपली भरली, उभे राहिले, आणि ती माझ्यापुढं धरली.

"गुडघे चालत न्हाईत आता," ते म्हणाले. "गच्चीवर तू टाक."